सरासरी काढून बाक केला, निम्म्या मुलांचे पाय लोंबकळतायत

वर्गशिक्षिका:
सहावीसाठी नवे बाक करायचे आहेत. हौसेने 34 मुलांची उंची मोजली, सरासरी काढली, त्यावरून नमुन्याचा एक बाक करून घेतला. बैठक 43 सेंमी. बुटकी मुलं काठावर येऊन बसतात, उंच मुलांचे गुडघे वरच्या कप्प्याला घासतात. कुठे चुकलं?

रंधा:
बाई, डोक्यापर्यंतची उंची बाकाला काय करायचीय? पोराला बूट घालून बसवा, तळपाय जमिनीला टेकू देत. गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. बैठकीची उंची त्यावरून.

दुसरं माप कुल्ल्याच्या मागच्या बाजूपासून लवणीपर्यंत. त्यातून तीन बोटं वजा केली की फळीची खोली. मी पहिल्यांदा ऐसपैस म्हणून 42 सेंमी खोल फळी टाकली. पोरं पाठ टेकेचनात! कडा लवणीत रुतायची, म्हणून पुढे सरकून कुबड काढून बसायची. रंधा मारून कडा गोल केली, तरी तेच. शेवटी फळीच कापली.

लिहायची फळी कोपराशी. खांदे सैल सोडून कोपर जिथे येतं, त्याच्या किंचित वर. आणि तिच्याखाली मांडी मोकळी राहते का बघा, तुमचा कप्पा तिथेच नडतोय.

वर्गशिक्षिका:
मग लवणीच्या मापाची सरासरी काढू?

रंधा:
सरासरीचा नाद सोडा हो. अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्सने 4063 वैमानिकांची दहा मापं तपासली होती, अहवाल 1952 चा. दहाच्या दहा मापांत सरासरीच्या आसपासच्या मधल्या पट्ट्यात बसणारा एकही निघाला नाही.

उंची आखूड पायांवरून धरा, रुंदी जाडजूड पोरांवरून. लांब पायांचा पोरगा पाय पुढे पसरेल, आखूड पायांच्याने काय करावं? तरी एकाच मापात वर्ग बसत नाहीच. शाळेच्या बाक-टेबलांसाठी युरोपचं ईएन 1729 मानक आहे, त्यात बैठक 35, 38, 43 सेंमी अशी चढत जाते, टेबल त्याबरोबर 59, 64, 71.

डावरा:
जोडबाक असेल तर डावखुऱ्याला डाव्या टोकाला बसवा. माझी चौथी शेजाऱ्याच्या कोपराशी भांडण्यात गेली.

वर्गशिक्षिका:
आज परत मोजलं, बुटांसकट. सर्वात कमी 34, सर्वात जास्त 44! तीन मापं सांगितली सुताराला. त्याने आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाला, कप्पा तरी काढू का? काढ म्हटलं.