शत्रूच्या अमलात नळाला पाणी सोडणाराही गुन्हेगार?

खडूफळा
युक्रेनने मार्च २०२२ मध्ये फौजदारी कायद्यात शत्रूला सहकार्य करणं गुन्हा ठरवणारं कलम १११-१ घातलं. रशियनांनी बसवलेल्या प्रशासनात आपखुशीने साधं पद घेतलं तरी १० ते १५ वर्षं पदबंदी. अधिकाराचं पद असेल तर ५ ते १० वर्षं कैद, पोलीस किंवा न्यायाधीश झालात तर १२ ते १५. वरच्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही. पण दक्षिण युक्रेनमधलं खेरसन शहर आठ महिने रशियाच्या ताब्यात होतं. तेवढा काळ पाणी, वीज, कचरा कोणी बघायचा? युद्धकाळातल्या नागरिकांबद्दलच्या १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या कलम ५१ प्रमाणे कब्जेदार सत्ता १८ वर्षांवरच्या नागरिकांना अशा सेवांच्या कामाला जुंपू शकते. मग त्याच कामासाठी स्वतःच्या देशाने नंतर खटला भरायचा?

तिरफळ
साफ असहमत. पंप चालवणाऱ्याच्या आडून बाकीच्यांना सोडवू नका. ताब्यातला भाग रशियाला जोडण्यासाठी घेतलेलं सप्टेंबर २०२२ चं तथाकथित सार्वमत आठवा. मतपेटी घेऊन दारोदार माणसं फिरत होती, सोबत बंदूकधारी. घरातला माणूस त्यांच्यासमोर कागदावर खूण करणार. पेटी धरणारी गावातलीच असेल तर कोणाचा मुलगा सैन्यात आहे हेही तिला ठाऊक!

खडूफळा
तिला सोडा असं म्हटलंय कुठे? आपखुशी की धाक, हे ठरवायचं कसं ते सांगा. नेमणुकीच्या कागदावरच्या सहीवरून धाक दिसत नाही.

अर्धाकप
खेरसनचे महापौर इहोर कोलिखायेव बघा. शत्रूसैन्य शहरात शिरलं तरी ते पळाले नाहीत, पालिकेच्या सेवा चालू ठेवल्या. एप्रिलअखेर रशियनांनी त्यांच्या जागी आपला माणूस बसवला. हे बधले नाहीत, जूनमध्ये त्यांना उचलून नेलं. शहर चालवणं वेगळं, त्यांची खुर्ची स्वीकारणं वेगळं. जमतं की!

खडूफळा
जमतं, पण कैदेत जाऊन. प्रत्येक कारकुनाने तेवढी छाती दाखवावी ही अपेक्षा फौजदारी कायद्याने करायची?

रात्रपाळी
नॉर्वेने दुसऱ्या महायुद्धानंतर, नाझींना सामील झालेल्या क्विस्लिंगच्या पक्षाचं नुसतं सदस्यत्वही गुन्हा धरलं होतं. क्विस्लिंगला ऑक्टोबर १९४५ मध्ये गोळ्या घातल्या ते एक वेळ समजू शकतो, पण चौकशीचा फेरा हजारो सामान्य लोकांमागे लागला. फ्रान्सने १९४४ मध्ये अशा शत्रूला साथ देणाऱ्यांसाठी एक निराळी शिक्षा काढली: मताधिकार आणि सरकारी नोकरी गेली, तुरुंग नाही. पुढे १९५१ आणि १९५३ मध्ये माफीचे कायदेही झाले. खालच्या फळीला एवढं पुरे. नाहीतर अजून ताब्यात असलेल्या गावांत लोक आपल्याच सैन्याच्या परतण्याला घाबरतील, आणि रशियन प्रचाराला आयतं कोलीत.

तिरफळ
माफी युद्ध संपल्यावर दिली हो. इथे आघाडी पेटलेली आहे. आणि शाळांचं काय? रशियन अभ्यासक्रम राबवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे, मला तीही कमीच वाटते.

खडूफळा
गणिताच्या बाईंनाही?

तिरफळ
बाईंना नाही. त्यांच्या हातात नवी पुस्तकं देणाऱ्या मुख्याध्यापकांना.