एलिफंट बीचला आईला नेऊ का? मदत हवी आहे

डिसेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन अंदमानला जातोय, सेल्युलर जेल बघायचं बाबांचं खूप वर्षांपासूनचं स्वप्न आहे. तिथून पुढे हॅवलॉक म्हणजे आताचं स्वराज द्वीप, आणि तिथल्या जेट्टीवरून एलिफंट बीचची अर्ध्या दिवसाची बोट करायची आहे. जंगलातून चालत जायचा रस्ता पण आहे पण आई ६८ वर्षांची, गुडघे दुखतात त्यामुळे तो नकोच. स्पीडबोटमध्ये चढताना-उतरताना तिला त्रास होईल का, पाण्यात उतरावं लागतं का? सकाळी लाटा कमी असतात ना? तिला पोहता येत नाही पण प्रवाळ बघायची फार इच्छा आहे, काचेच्या तळाच्या बोटीतून नीट दिसतात का? कोणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.