ब्रोकोलीचा शेंडा मुरडतोय, गड्डा धरत नाही: स्वीड मिज शिरलेल्या वाफ्यात पुढच्या वर्षी काय करू?

मंडळी, ओंटारियो, क्वेबेक किंवा न्यूयॉर्क राज्यात भाजीपाला लावणारं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर सांगा.

कॅनडात, ओंटारियोतल्या ग्वेल्फजवळच्या कम्युनिटी गार्डनमध्ये आमचा छोटा वाफा आहे. यंदा ब्रोकोली, फ्लॉवर आणि नवलकोल लावले. जूनपर्यंत रोपं छान तरारली आणि मग ब्रोकोलीचे मधले शेंडे पिळवटायला लागले. कोवळी पानं आत चुरगळलेली, देठ बुडाशी सुजलेले, त्यांवर तपकिरी खरबरीत खपली. काही झाडांना गड्डाच नाही, मधोमध नुसता वाळका खड्डा. काहींना बाजूने फुटवे फुटून दोन-तीन बारके गड्डे आले. बागेतल्या कुणी सांगितलं मॉलिब्डेनम कमी पडलंय, कुणी म्हणालं उन्हाचा तडाखा. त्यानेही असंच दिसू शकतं, म्हणून एक शेंडा हलक्या हाताने उकलून भिंगाखाली धरला. आत फिकट पिवळ्या अळ्या, जेमतेम तीन मिलिमीटरच्या, एकमेकींना चिकटून बसलेल्या. काळ्या कागदावर झटकल्या तर एक टुणकन उडाली! मग शंका उरली नाही: ही स्वीड मिज, कोबीवर्गातल्या (ब्रोकोली, फ्लॉवर, मोहरी वगैरे) पिकांच्या कोवळ्या शेंड्यांत अंडी घालणारी बारीक माशी.

ही माशी मूळची युरोप आणि नैऋत्य आशियातली. उत्तर अमेरिकेत ती पहिल्यांदा ओळखली गेली २००० साली, इथेच ओंटारियोत. माशी दीड-दोन मिलिमीटरची, जगते एक ते पाच दिवस, पण तेवढ्यात मादी शेंड्यांत शंभरेक अंडी घालते. अळ्यांच्या लाळेने शेंडा सुजतो, मुरडतो. पोट भरलं की अळ्या खाली पडून मातीच्या वरच्या थरातच कोष करतात. एका हंगामात तीन ते पाच पिढ्या, त्याही एकमेकींत मिसळलेल्या. शेंडा मुरडलेला दिसेपर्यंत बऱ्याचदा अळ्या मातीत उतरलेल्याही असतात. कडुलिंबाचं तेल वगैरे फवारून उपयोग नाही, ते शेंड्याच्या आतपर्यंत पोचतच नाही.

माझे बाबा भंडाऱ्याकडे भात करतात. फोनवर सांगितलं तर लगेच म्हणाले, अगं, ही तर गादमाशीच, आपल्याकडे भाताला चंदेरी पोंगा (फुटव्याची पोकळ, चंदेरी नळी) येतो तो हिच्याच भाऊबंदांमुळे. कुळ खरंच एक आहे. रोवणी लवकर उरक, हा त्यांचा सल्ला इथेही लागू पडतो, कारण माश्यांची संख्या पुढच्या पिढ्यांत वाढत जाते.

आता खरी अडचण. सगळीकडे बारीक जाळी घाला असं सांगतात. पण कोष माझ्याच वाफ्यात आहेत. त्याच मातीवर जाळी ताणली तर मे-जूनमध्ये निघणाऱ्या माश्या जाळीच्या आतच कोंडल्या जाणार, म्हणजे मी त्यांना आयतं जेवण वाढल्यासारखं. त्यामुळे तीन वर्षं कोबीवर्गातलं काहीच लावू नका, असा सल्ला मिळतो. माझी तयारी आहे, टोमॅटो, मेथी, घेवडा लावीन. पण शेजारच्या वाफ्यात केल (कोबीवर्गातलीच पालेभाजी) असतो, कुंपणाकडेला रानमोहरी माजलेली आहे आणि या माशीला तीही चालते. अशा ठिकाणी एकट्याने पीक बदलून काही साधतं का?

कुणी सगळ्या बागेला मिळून एक हंगाम कोबीवर्ग बंद ठेवायला राजी केलंय का? कसं पटवलंत? बागेच्या पलीकडच्या टोकाचा, जिथे हे पीक कधीच नव्हतं असा वाफा मागून लावणीच्या दिवशीच जाळी घातली तर पुरेल का? जाळीचं छिद्र नेमकं किती बारीक घेतलंत? आणि मुळा, मोहरीची भाजी यांना कितपत त्रास झाला? आमच्या घरी मोहरीच्या पाल्याशिवाय हिवाळा निघत नाही, म्हणून मुद्दाम विचारतेय.

उरलेली रोपं मुळासकट उपटून बंद पिशवीत भरली आहेत, कंपोस्टात टाकलेली नाहीत. वाफ्यांचं वाटप मार्चमध्ये ठरतं, त्याआधी कमिटीसमोर काहीतरी ठोस मांडायचंय. फोटो हवे असतील तर टाकते.