जुनी 'डीपी' (फक्त कवायतीसाठीची) रायफल सापडली आहे: ओळख कशी पटवायची, किंमत कशी धरायची?

गोदाकाठ (प्रश्न)

परभणी जिल्ह्यातल्या एका जुन्या शिक्षणसंस्थेच्या अडगळीच्या खोलीत, लेझीम आणि डंबेल्सच्या पेटीमागं एक रायफल निघाली आहे. दिसायला थ्री नॉट थ्रीच. लांबी ११३ सेंमी. बटवर पांढऱ्या रंगाचा पट्टा आहे, बराचसा उडालेला. बोल्टच्या (काडतूस आत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्याच्या) मागं जी लोखंडी मान असते तिच्या उजव्या अंगाला मुकुट, त्याखाली इंग्रजीत 'जी. आर.', 'एनफील्ड', '१९१७', 'एसएचटी. एल.ई.' आणि 'III*' असं कोरलंय. मॅगझिनच्या डब्यात स्प्रिंग नाही, नुसता पोकळ डबा आहे. नळीचं तोंड मात्र थ्री नॉट थ्रीच्या मानानं फारच बारीक वाटतं.

संस्थेतले काही जण ही रझाकारांची बंदूक आहे असं सांगायलेत, काही जण एनसीसीची म्हणतात. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या प्रदर्शनात ठेवायचा विचार आहे. नक्की काय आहे, किंमत किती धरायची, आणि घासूनपुसून घ्यावी का? सँडपेपर आणून ठेवलाय.

चाप_खटका

सर, सँडपेपर आधी बाजूला ठेवा. या रायफलीची सगळी ओळख अर्ध्या मिलिमीटर खोल ठशांत आहे. एकदा घासली की ती गेली.

पहिलं काम म्हणजे रायफल रिकामी आहे याची खात्री. नळी कुणाकडंही रोखू नका, बोट चापापासून लांब. चापाच्या कडीच्या आत, पुढच्या बाजूला मॅगझिनची कळ आहे, ती दाबून डबा काढा. बोल्ट उघडून पूर्ण मागं ओढा आणि नळीच्या मागच्या तोंडात करंगळी घालून बघा. नुसत्या नजरेवर विसंबू नका, जुन्या काळवंडलेल्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) अडकलेलं काडतूस दिसत नाही. काही सापडलं तर स्वतः काढू नका, तसंच ठेवून ठाण्याला कळवा.

मग लेथवाल्याकडून व्हर्निअर आणून नळीच्या तोंडाचा आतला व्यास मोजा. पॉइंट टूटू असेल तर साधारण ५.६ मिमी, थ्री नॉट थ्री ७.७ मिमी, आणि पोलिसांकडची फोर टेन मस्केट असेल तर १०.४ मिमीच्या आसपास. फोर टेन मस्केट इशापूरला याच रायफलीपासून बनवत, तिच्यात मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा असतो. तुमच्याकडं पोकळ डबा आहे, म्हणून माझा कल पॉइंट टूटूकडं आहे. टूटूत एकेक गोळी हातानं भरायची आणि रिकामी पुंगळी त्या डब्यात पडायची, म्हणून स्प्रिंग काढून टाकलेली असते.

ठसे वाचायला खडूची पूड बोटानं चोळा, वरून कोरड्या फडक्यानं पुसा. अक्षरं पांढरी उठतात. तिरप्या उजेडात फोटो काढा. बोल्टच्या दांडीच्या मुळाशी, नळीच्या बुडाशी, बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागाच्या) पुढच्या कड्यावर, मागच्या साईटच्या पानाखाली आणि पुढच्या लोखंडी टोपीवर असे नंबर शोधा.

गोदाकाठ

मोजलं. तोंड ५.६ मिमी. चेंबर रिकामं आहे. बॉडीवर आणि नळीवर नंबर एकच, बोल्टवर वेगळाच. खडू लावल्यावर मानेच्या डाव्या अंगाला पॉइंट टूटूचा ठसा उठला, त्याशेजारी इंग्रजी 'डीपी'. 'डीपी' बटवर पण आहे आणि बोल्टवर पण. चेंबरच्या जागी डाव्या बाजूनं लाकडातून नळीत गेलेलं भोक आहे. बोल्टच्या तोंडाचं पिनचं (काडतुसाला ठोकणाऱ्या सुईचं) भोक वेल्डिंगनं बुजवलंय, बुजवल्याची खूण मध्यावर नाही, कडेकडं आहे.

चाप_खटका

मग चित्र स्पष्ट झालं. या एकाच लोखंडानं तीन नोकऱ्या केल्यात.

१९१७ साली एनफील्डला ती लढाईची थ्री नॉट थ्री म्हणून बनली. नंतर तिचं पॉइंट टूटू ट्रेनिंग रायफलीत रूपांतर झालं. जुनी नळी पोखरून आत बारीक नळी बसवत किंवा नवी नळीच घालत. तोंडाकडून भिंग लावून बघा, नळीत नळी असेल तर सांध्याचं बारीक वर्तुळ दिसतं. टूटूचं काडतूस कडेला ठोकावं लागतं, म्हणून पिनचं भोक मध्यावर नाही. बुजवल्याची खूण कडेला दिसली, यावरून बोल्टचं टोक टूटूचंच आहे हे पक्कं. ठशात कुठं 'नंबर २' दिसला तर तो ठसा १९२६ किंवा त्यानंतरचा, कारण या रायफलींना 'नंबर १', 'नंबर २' ही नावं त्या साली मिळाली.

शेवटी गोळीबाराला निकामी ठरवून 'डीपी' केली, म्हणजे ड्रिल पर्पज, फक्त कवायतीसाठी. भोक, वेल्डिंग आणि पांढरा पट्टा ही सगळी त्याचीच खूण. पट्टा लांबून दिसावा म्हणून मारतात, डीपी रायफल चुकून रेंजवर जाऊ नये.

वेगळ्या नंबरचा बोल्ट हे डीपीत नेहमीचं. कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या कोठीत, जो हाताला लागला तो बसवत.

देगलूर_डाक

परदेशी लिलावात टूटू एनफील्डला चांगले पैसे मिळतात म्हणे. तिकडं विचारून बघा ना.

कलम_आणि_कागद

भाऊ, हा सल्ला माणसाला अडचणीत आणंल. रायफल १९१७ ची, म्हणजे शंभर वर्षांच्या पुढची. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवताच येत नाही. त्यामुळं तिकडचे आकडे आपल्या कामाचे नाहीत.

आता शस्त्र कायदा, १९५९. कलम ४५ मध्ये जुन्या, पुरातन किंवा मोडक्या शस्त्राला सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करून किंवा न करता, कसंही चालता कामा नये. लोक 'दुरुस्त करून' हे दोन शब्द वाचतच नाहीत. नळीला भोक आहे, पण बॉडी धड असेल तर नळी आणि बोल्ट बदलता येतात. शिवाय कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरलेत. तेव्हा 'डीपी आहे, चालत नाही' हा निर्णय तुमचा किंवा माझा नाही. पोलिसांच्या आर्मररनं, म्हणजे शस्त्रं तपासणाऱ्या कारागिरानं, तपासून लेखी द्यायला हवं.

क्रम असा ठेवा: रायफल आहे तिथंच कुलपात ठेवा. मुख्याध्यापकांच्या सहीनं ठाण्यात अर्ज द्या, सोबत फोटो आणि ठशांची यादी. जागेवर पंचनामा करायला सांगा. स्वतः गाडीत टाकून ठाण्यात नेऊ नका, वाटेत अडवलं तर कागद नसतो. ठेवून घेतली तर पावती घ्या. प्रदर्शनात ठेवायची तर जिल्हाधिकाऱ्यांकडं वेगळा अर्ज करा, आर्मररचा दाखला जोडून.

दुसरं, मालकी. शाळेचं डेडस्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) आणि जुनी आवक-जावक काढा. रायफलीवर बाणासारखा ठसा असेल तर ती सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून कोरलेले असतील तर सेवेतून विकून टाकलेली. तो जोडबाण नसेल आणि लिलावाचा कागदही नसेल, तर संस्थेनं ती आपली म्हणून किंमत लावणंच चुकीचं. एनसीसीच्या युनिटची निघाली तर त्यांना पत्र लिहावं लागंल.

जुनं_लाकूड

किंमतीचं थोडक्यात सांगतो. या प्रकारात सगळ्यात जास्त मोल असतं जुळत्या नंबरांच्या, आतून चकचकीत नळीच्या, चालत्या टूटूला. त्याखाली वेगळ्या बोल्टची टूटू. डीपी सगळ्यात शेवटी, कारण नेमबाजीसाठी तिचा उपयोग शून्य. त्यात आपल्याकडं उघडा बाजार नाही, परवान्याशिवाय व्यवहारच होत नाही. म्हणून रजिस्टरला नाममात्र रक्कम धरा. हिचं मोल संग्रहातल्या वस्तूचं आहे. तिन्ही काळांचे ठसे एकाच मानेवर वाचता येतात, असा नमुना शिकवायला फार चांगला. म्हणूनच पॉलिश, काळं करणं, नवा पांढरा पट्टा मारणं, काहीही करू नका.

ठेवणुकीचं मात्र बघा. आर्मररनं पाहिल्यावरच हात लावा. लोखंडाला मशीन ऑइलचा पुसट हात, बस्स. लाकूड अक्रोडाचं असतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुकून चिरतं. त्याला कच्चं जवसाचं तेल, तळहातावर चार-पाच थेंब घेऊन चोळायचं, एक दिवस मुरू द्यायचं, उरलेलं पुसायचं. असं दोनदा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं नको, ते वाळत नाही आणि धूळ धरून चिकट थर बसतो. जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतं. पाण्यात भिजवून मग टाका. पांढऱ्या पट्ट्यावर तेल घालू नका, उरलेला रंग सुटंल.

आणि एक, बट ढिला वाटला तरी मागून पेचकस घालून बट आवळणारा आतला लांब बोल्ट (काडतूस भरायचा नव्हे) फिरवू नका. या मॉडेलमध्ये त्या लांब बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड आधी न उतरवता तो पिळला की लाकूड मागून दुभंगतं. सापडलेल्या जुन्या रायफलींत ही मोडतोड फार दिसते, आणि ती जोडून लपत नाही.

गोदाकाठ

खूप आभार. ठाण्यात उद्याच अर्ज देतो. बाणाचा ठसा एकेरीच आहे, जोडबाण कुठं दिसत नाही. प्रदर्शनाची परवानगी मिळालीच तर पाटीवर काय लिहावं?

चाप_खटका

एकेरी बाण असेल तर कलम_आणि_कागद सरांनी सांगितलेलं मालकीचं काम आधी. अर्जात तो ठसा स्वतःहून लिहा, लपवू नका.

पाटीवर फक्त ठशांत जे आहे तेच: 'एनफील्ड, १९१७. पुढे पॉइंट टूटू ट्रेनिंग रायफल, नंतर कवायतीसाठी निकामी.' रझाकारांचं नाव घालू नका. तसं सांगणारा एकही ठसा तुम्ही वाचून दाखवलेला नाही. एनसीसीची स्थापना जुलै १९४८ ची, आणि मराठवाडा निजामाकडून सुटला १७ सप्टेंबर १९४८ ला. त्यामुळं ती एनसीसीमार्फत शाळेत आली असेल तर मुक्तीनंतरच. तेही डेडस्टॉकात नोंद सापडल्यावरच लिहा, तोवर ती ओळ कोरी ठेवा.