मदत हवी आहे: मॉरिशसमधल्या सासऱ्यांच्या प्लॉटमध्ये बायकोचा हिस्सा

कर्वेनगरकर:
बायको मॉरिशसची मराठी, लग्नानंतर पुण्यात. नागरिकत्व मॉरिशसचंच, इथे ओसीआय कार्ड. सासरे नुकतेच गेले. वाकवाला 20 पर्शचा (पर्श हे तिथलं जमिनीचं माप) प्लॉट आणि त्यावर घर आहे. मुलं तीन: दोन मेहुणे आणि ही. थोरले मेहुणे म्हणतात, वडिलांनी हाताने मृत्युपत्र लिहून सगळं त्यांना दिलंय, हिने फक्त मुखत्यारपत्रावर सही करून पाठवावी. करावी का?

पर्श_आणि_आर्पां:
आत्ता अजिबात नाही.

तिथला दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा आहे. बापाला सगळं एकाच मुलाच्या नावे करता येत नाही. एक मूल असेल तर निम्मी, दोन असतील तर एक तृतीयांश आणि तीन किंवा जास्त असतील तर जेमतेम एक चतुर्थांश मालमत्ता मर्जीप्रमाणे देता येते. बाकीची मुलांसाठी राखीव. तुमच्या बाबतीत 5 पर्श मोकळे, 15 राखीव. म्हणजे मृत्युपत्र खरं ठरलं तरी थोरल्यांना 10, धाकट्यांना 5, वहिनींना 5. एक पर्श सुमारे 42.2 चौरस मीटर, म्हणजे वहिनींचे साधारण 211. मृत्युपत्र बाद झालं तर तिघांना समान.

हा हिशेब नुसत्या प्लॉटचा झाला. प्रत्यक्षात बँकेतले पैसे आणि हयातीत दिलेल्या देणग्याही धरतात, कर्ज वजा करतात. आणि राखीव हिस्सा आपोआप पदरात पडत नाही, तो वारसानेच मागावा लागतो.

मृत्युपत्राची मूळ प्रत बघायला मागा. सगळा मजकूर, तारीख आणि सही त्यांच्याच अक्षरात हवी. टाइप करून खाली सही केलेली असेल तर हस्तलिखित मृत्युपत्र म्हणून ते टिकत नाही.

सासूबाई आहेत का? प्लॉट कधी घेतला?

कर्वेनगरकर:
त्या आधीच गेल्या. प्लॉट त्यानंतरचा.

पर्श_आणि_आर्पां:
मग सुटलात. लग्न टिकून असताना घेतला असता आणि संपत्ती वेगळी ठेवल्याचा करार नसता, तर निम्मा त्यांचा धरून आधी त्यांचा वारसा लावावा लागला असता.

दस्त_तपासा:
कामाचा क्रम सांगतो. पहिल्यांदा स्वतःचा नोटरी गाठा, मेहुण्यांचा नको. तिथला नोटरी शिक्के मारणारा नसतो, खरेदीखत आणि वारसाचं अफिडेव्हिट (वारस कोण हे सांगणारं प्रतिज्ञापत्र) तोच तयार करतो. त्याला मृत्यूचा दाखला, तिन्ही मुलांचे जन्मदाखले, वहिनींचा विवाहदाखला आणि प्लॉटच्या खरेदीखताचा टीव्ही नंबर (खत ज्या खंडात नोंदलंय त्याचा क्रमांक) द्या. त्या नंबरावरून पोर्ट लुईच्या रजिस्ट्रार जनरलकडे खत आणि बोजा दोन्ही शोधता येतात. प्लॉटचा पिन नंबरही (जमिनीच्या तुकड्याचा ओळख क्रमांक) लागेल.

घोळ बहुतेक वेळा नावांत होतो. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं, विवाहदाखल्यावर सासरचं आडनाव. हे आधी जुळवून घ्या, नाहीतर अफिडेव्हिट तिथेच अडकतं. पुण्यातला विवाहदाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणन) लागेल. दोन्ही देश अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्याने वकिलातीच्या चकरा वाचतात.

मुखत्यारपत्र द्यायचंच तर कामापुरतं द्या: कागद मिळवणे, अफिडेव्हिटवर सही करणे. "विक्री, वाटणी, हक्कसोड, वारसा स्वीकारणे" यातला एकही शब्द त्यात नको. वारसा सरळ स्वीकारला की कर्जही अंगावर येतं. घर भाड्याने देणं, सामान विकणं यालाही स्वीकार धरलं जाऊ शकतं. कर्जाची शंका असेल तर तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या रजिस्ट्रीत मालमत्तेच्या यादीच्या अटीवर स्वीकार नोंदवता येतो, म्हणजे कर्जाची जबाबदारी वारशाच्या किमतीपुरतीच राहते. यादीसाठी 3 महिने, त्यानंतर विचाराला 40 दिवस.

कर्वेनगरकर:
आणि थोरले वाटणीला तयार नसतील तर?

पर्श_आणि_आर्पां:
सामाईक मालकीत कुणालाही जबरदस्तीने अडकवून ठेवता येत नाही, कोणताही वारस वाटणी मागू शकतो. पण घर मध्ये उभं असताना 20 पर्शचे तुकडे पाडणं अवघड. रस्ता कुठून काढणार, हे शपथबद्ध भूमापकाकडून आधी तपासा आणि तुकड्यांना मोर्सेलमां परवाना (जमिनीचे प्लॉट पाडायचा परवाना) लागतो का हे नोटरीला विचारा. सोयीस्कर वाटणी होत नसेल तर कोर्टामार्फत मास्टरपुढे (सुप्रीम कोर्टाचा अधिकारी) लिलाव होतो. खर्च वजा जाता भाव पडतोच. त्यापेक्षा मूल्यांकन करून थोरल्यांनी वहिनींच्या हिश्शाची रक्कम द्यावी आणि घर ठेवावं. पैसे नोटरीच्या खात्यात जमा झाल्याशिवाय वाटणीपत्रावर सही नको.