ड्राय वाइन: कोरडी की अगोड?

निफाडकरीण:
गेल्या फेब्रुवारीत अण्णांना घेऊन गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत गेले होते. अण्णांची थॉमसन द्राक्षांची बाग आहे, ३० वर्षं झाली, पण आपल्याच जिल्ह्यातली वाइन त्यांनी कधी तोंडाला लावली नव्हती. समोर पाच ग्लास, प्रत्येकात दोन-दोन घोट, आणि हातात कागद. रंग, वास, चव असे रकाने, शेवटी २० पैकी गुण. समजावून सांगणारा मुलगा आपल्याकडचाच. म्हणाला, "काका, ही शेनिन ब्लां, जरा गोडसर. आणि ही सोव्हिन्यों ब्लां, ही कोरडी." अण्णांनी ग्लास उजेडात धरला. "कोरडी कशी? ओलीच दिसतेय."
हसलो सगळे, पण शब्द खटकत राहिला. इथे 'ड्राय' म्हणजे साखर न उरलेली. यीस्टने रसातली जवळपास सगळी साखर खाऊन तिचं अल्कोहोल केलं की वाइन ड्राय. त्याला 'कोरडी' म्हणणं म्हणजे निव्वळ शब्दाला शब्द ठेवणं नाही का?

कोरड्यास:
टोपणनावावरून कळलंच असेल मी कुठल्या बाजूचा. मला कोरडी चालेल. भाकरी पाण्यानेच थापतात, तरी सोबत कालवण नसलं की ती कोरडी. म्हणून तर कालवणाला कोरड्यास म्हणतात. खोकल्यात कफ नाही, तो कोरडा खोकला. म्हणजे 'अमुक नाही' हा अर्थ शब्दात आधीपासून आहेच. साखर नाही म्हणून कोरडी वाइन. शिवाय रेड प्यायल्यावर तोंड कोरडं पडतं, तेही जुळलं.

सुपारी_कमी:
शेवटचं वाक्य सोडून पटलं. तोंड कोरडं पडतं ते टॅनिनमुळे, साखरेचा तिथे संबंध नाही. द्राक्षाच्या सालीतलं नि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, मग लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. याला आपल्याकडे रोजचा शब्द आहे, तुरट. कच्चं केळं, हिरडा, फार उकळलेला चहा. एकच गोष्ट गोड आणि तुरट दोन्ही असू शकते, जांभूळ असतंच की. उलट पांढऱ्या वाइनचा रस सालीपासून आधीच वेगळा करून मग आंबवतात, त्यामुळे ती पूर्ण ड्राय असली तरी सहसा तुरट लागत नाही. 'कोरडी' म्हटलं की लोक या दोन गोष्टींची हमखास गल्लत करणार. तुम्हीही आत्ता केलीतच!
(चवींच्या नावांतली गल्लत जुनीच आहे म्हणा. संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. मराठीत कटूचा कडू झाला आणि चवच बदलली. कषाय तेवढा तुरटच राहिला.)

निफाडकरीण:
कोरड्यास, तुमचीच उदाहरणं पुन्हा वाचा, आणि त्यात कोरडी सहानुभूती, कोरडा दुष्काळ घाला. सगळीकडे 'हवं ते मिळालं नाही' अशी तक्रार आहे. ड्राय वाइनमधली साखर तर मुद्दाम संपवलेली असते.
अण्णांनी चवीच्या रकान्यात काय लिहिलं सांगू? 'अगोड'. डायबेटिस निघाल्यापासून घरात त्यांचा चहा वेगळा होतो, तो अगोड. मीठ नाही ते आळणी, साखर नाही ते अगोड. मी तरी आता हाच शब्द वापरणार.

पाणिनीचा_शेजारी:
अगोडला माझं मत. 'वाइन'ला मात्र हात लावू नका. बायबलच्या मराठी भाषांतरात 'द्राक्षारस' आहे, पण आज कुणी द्राक्षारस मागितला तर बर्फ घालून ज्यूस मिळेल. द्राक्षासव औषधाच्या दुकानात गेलं. जुना शब्द हवाच असेल तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'मृद्वीकारसो मधु' असं आहे, म्हणजे द्राक्षाच्या रसाची ती मधु. पुढे तिची नावं दिली आहेत कापिशायन आणि हारहूरक, दोन्ही प्रदेशांवरून. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातलं बेग्राम. पाणिनीनेही कापिशीवरून होणाऱ्या शब्दासाठी वेगळं सूत्र दिलंय. बाटलीवर गावाचं नाव मिरवायची हौस इतकी जुनी आहे.

कोरड्यास:
बरं, हरलो. पण मग 'बॉडी'ला, म्हणजे वाइन तोंडात किती जड-हलकी लागते त्याला, काय म्हणायचं? 'अंग' म्हणू नका म्हणजे झालं.

सुपारी_कमी:
पोत. मातीचा असतो, कापडाचा असतो, वाइनचाही असू दे. आणि आंबटपणा कमी पडलेल्या वाइनला 'मिळमिळीत', त्याहून नेमका शब्द कुठल्याच भाषेत नसेल. 'वास' या रकान्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. "वास येतोय" म्हटलं की आपण आधी नाक मुरडतो.

निफाडकरीण:
अण्णांनी नाही मुरडलं. सोव्हिन्यों ब्लांच्या वासापुढे त्यांनी लिहिलं, 'छाटणीचा दिवस'. मुलगा चकित. म्हणे, इतर पाहुणे ढोबळी मिरची म्हणतात नाहीतर कापलेलं गवत. हिरवट वास तोच, पण एप्रिलच्या खरड छाटणीत ओल्या काड्या कापताना बाग कशी वास मारते हे ज्याने हुंगलंय, तो मिरचीपर्यंत जाईलच कशाला?
शिराझ या रेड वाइनपुढे 'हिरडा' आणि शेऱ्यात 'दात आंबत नाहीत, घसा धरतो'. वाइनची द्राक्षं २२ ते २४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) काढतात, हे ऐकून मात्र ते अस्वस्थ झाले. आमचा माल १८ ला गाडीत चढतो. "एवढी साखर भरवायची आणि मग सगळी संपवायची?" असं दोनदा म्हणाले.
सोव्हिन्योंला १५ गुण, शिराझला ८. मुलाने विचारलं, "काका, शिराझ आवडली नाही का?" अण्णा म्हणाले, "वाइन ठीक आहे रे. येताना वेल बघितले तुमचे. मणी फार बारीक आहे."