मदत हवी आहे: कॉर्न स्नेकची दोन अंडी पोटात अडली आहेत

माझी कॉर्न स्नेक मादी, केशर, पहिल्यांदाच अंडी घालते आहे. तिला नराबरोबर कधीच ठेवलेलं नाही, त्यामुळे अंडी फलित नसणार. माद्या नराशिवायही अंडी घालतात, हे ठाऊक आहे. काळजी अंड्यांची नाही, तिची आहे.

अंड्यांआधीची कात तिने नीट टाकली. परवा रात्री सुरुवात झाली आणि काल सकाळपर्यंत नऊ अंडी आली, सगळी पिवळसर आणि लहान. मग थांबली ती थांबलीच. शरीराच्या मागच्या भागात दोन फुगवटे स्पष्ट दिसतात. मागचा मोठा आहे आणि कालपासून जागचा हललेला नाही. काल ती जोर करत होती, आज तेही मंदावलंय. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

ओलं शेवाळ भरलेला झाकणाचा डबा आहे, उबदार बाजू २९ अंश. रक्त नाही, बाहेर काही लोंबत नाही, जीभ काढते, हाताला विळखाही घालते.

अजून किती थांबावं? एका व्हिडिओत अंडं बोटांनी मागे सरकवताना दाखवलंय. माझा हात धजावत नाही. फोनवर डॉक्टर ऑक्सिटोसिनचं (कळा आणणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन देऊन बघू म्हणाले. त्याचा उपयोग होतो का?

शेवाळरंग:
दाबू नका. कृपा करून अजिबात दाबू नका. अडलेल्या अंड्याला अंडनलिका आतून चिकटायला लागते आणि तिची भिंत पातळ असते. बाहेरून रेटलं की ती फाटते, नाहीतर अंड्याबरोबर उलटी होऊन बाहेर येते. मग अंड्याचा प्रश्न राहत नाही, जिवाचा होतो.

पहिलं अंडं आल्यापासून ४८ तासांत सगळं आटोपायला हवं. तुम्ही त्या हद्दीवर आहात, तेव्हा आजच दाखवा. ऑक्सिटोसिन कासवांमध्ये छान चालतं, सापांमध्ये तितकं भरवशाचं नाही. त्यातही अंडं वाटेपेक्षा मोठं किंवा चिकटलेलं असेल, तर जोर वाढवून इजाच व्हायची. म्हणून इंजेक्शनआधी सोनोग्राफीचा आग्रह धरा. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं, त्यात कॅल्शियम कमी. एक्स-रेत ते पुसट दिसतं.

सुई घालून अंड्यातला द्रव ओढून घेणं हा पुढचा उपाय. अंडं चपटं होतं आणि बऱ्याचदा मादी ते स्वतःच टाकते. पण उशीर झाला तर आतला द्रव घट्ट होतो, सुईने येत नाही, मग शस्त्रक्रियाच उरते. थांबू नका म्हणतो ते त्यासाठी. आणि हे काम डॉक्टरांचंच, घरी कुणी सुईला हात लावू नये.

निळी_कात:
निघेपर्यंत उथळ कोमट पाण्यात अर्धा तास ठेवता येईल, पाणी २८ ते ३० अंश. शरीरात पाणी कमी पडल्यानेही अंडी अडतात. फक्त समोरून हलू नका, दमलेला साप डोकं वर धरेलच असं नाही. नेताना कापडी पिशवीत घालून डब्यात ठेवा. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिशवीबाहेर असू द्या.

धागाकर्ती:
दाखवून आणलं. मागचं अंडं वेडंवाकडं आणि खूप मोठं निघालं, पुढचं साधारण आहे, ते त्याच्यामुळे अडकून पडलंय. सोनोग्राफी पाहून डॉक्टरांनी स्वतःच इंजेक्शन रद्द केलं. त्वचेखाली सलाइन दिलं, भूल देऊन सुईने मोठं अंडं रिकामं केलं. रात्री ते चुरगळलेलं बाहेर आलं! पुढचं अजून आत आहे, पण थोडं मागे सरकलंय. उद्या पुन्हा तपासणी, नाही आलं तर त्याचंही तसंच करणार. ती डब्यात शांत आहे, पाणी प्यायली.

खायला कधी द्यायचं?

शेवाळरंग:
मोठं निघालं, फार बरं वाटलं वाचून. दुसरं येईपर्यंत खायला काही नको. नंतर डॉक्टरांनी हो म्हटलं की नेहमीपेक्षा बरंच लहान भक्ष्य द्या, म्हणजे पोटावर ताण येणार नाही. त्याआधी डब्यातलं सगळं शेवाळ बदला आणि डबा धुऊन घ्या. अंड्यांचा वास राहिला तर काही माद्या खायचं नाव घेत नाहीत. उद्याच्या तपासणीत काय झालं ते लिहा.